लेह-लडाखचं हवामान बघून सहल आखायची कशी: टप्प्याटप्प्याने

"लेहला २२ अंश दाखवतंय, एक जॅकेट पुरेल ना?" लडाखला निघालेल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर हा प्रश्न येतो आणि कुणीतरी "आरामात पुरेल" असं उत्तरही देतं. ते २२ अंश लेहच्या बाजारात दुपारी दोन वाजताचे असतात. त्याच दिवशी सकाळी खारदुंग ला खिंडीत ("ला" म्हणजेच खिंड) पारा शून्याच्या आसपास असतो आणि रात्री पांगोंग तलावाच्या काठावर वाऱ्याने दात वाजत असतात. लेह शहराचं हवामान म्हणजे तुमच्या सहलीचं हवामान नव्हे. बहुतेक बेत फसतात ते इथेच.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. तिकीट काढून झाल्यावर पहिला टप्पा वाचून काही उपयोग नाही. २०२४मध्ये लडाखसाठी नवे जिल्हे जाहीर झाले. इथे मात्र नुब्रा आणि चांगथांग धरून जुना, मोठा लेह जिल्हा गृहीत धरला आहे.

## टप्पा १: महिना ठरवा, पण शाळेच्या सुट्टीवरून नाही

आपल्याकडे बेत दोन सुट्ट्यांभोवती आखले जातात, मे आणि दिवाळी. लडाखसाठी नेमके हे दोन्ही काळ अडचणीचे.

मे. लेहमध्ये दिवसा साधारण १५ ते १८ अंश आणि रात्री ३-४ अंश असतात. पांगोंगला रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. मनालीकडचा रस्ता उघडला असेलच असं नाही. बर्फ कापून वाट मोकळी करायचं सीमा सडक संघटनेचं काम कधी एप्रिलअखेर संपतं, तर कधी मेच्या मध्यापर्यंत किंवा त्याहून पुढे चालतं. मे सोडून दुसरी सवडच नसेल तर दुसरा पंधरवडा धरा आणि मनालीचा हट्ट सोडा.

जूनचा मध्य ते जुलैचा मध्य. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोयीचा काळ. खिंडी उघड्या असतात. लेहमध्ये दिवसा २०-२५ आणि रात्री ७-१० अंश. दुपारनंतर ओढ्यांचं पाणी वाढतं, त्याबद्दल सहाव्या टप्प्यात.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. "लडाख पर्जन्यछायेत आहे, तिथे कसला पाऊस?" हे अर्धंच खरं. मुख्य हिमालय मान्सूनला अडवतो आणि लेहला वर्षभरात मिळून साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. महाबळेश्वरात जुलैतला एखादा दिवसच याहून जास्त देऊन जातो. पण लेहभोवतीचे डोंगर उघडेबोडके आहेत. पाणी धरून ठेवणारी झाडं नाहीत की गवत नाही. त्यामुळे थोड्या वेळात जोराची सर आली की दगडमाती घेऊन सगळं पाणी एकदम खाली येतं. २०१०च्या ५ आणि ६ ऑगस्टच्या मधल्या रात्री असंच झालं आणि लेह-चोगलमसर भागात दोनशेहून अधिक माणसं गेली. दुसरी गोष्ट, मनालीमार्गे जायचं तर मंडी आणि कुल्लूतून जावं लागतं. तिथे मान्सून पूर्ण जोरात असतो आणि दरडी कोसळतात. लडाख कोरडं असलं तरी लडाखची वाट कोरडी नसते.

सप्टेंबर. माझं मत या महिन्याला. पाऊस ओसरतो, हवा स्वच्छ होते, ओढे उतरतात, गर्दी कमी होते. गणपती उरकून निघणाऱ्यांना तर हा अगदी सोयीचा. दिवसा लेहमध्ये २० अंशांच्या आसपास असतं, पण महिनाअखेरीस रात्री चांगल्याच गारठतात.

ऑक्टोबर, नोव्हेंबर. आकाश सुरेख निळं असतं, पण लेहमध्येच रात्री पारा शून्याखाली जाऊ लागतो. पांगोंगकाठचे तंबू बहुतेक उठलेले असतात आणि बरीच हॉटेलं बंद होतात. दिवाळी लवकर आली तर धडधाकट मोठी माणसं जमवू शकतील. तान्ह्या बाळांना घेऊन या दिवसांत जाऊ नये.

> तपासा: तुमच्या तारखांना मनाली रस्ता, श्रीनगरच्या वाटेवरची झोजी ला आणि खारदुंग ला या तिन्ही वाटा गेल्या दोन-तीन वर्षांत उघड्या होत्या का, ते बातम्यांत शोधा. एखाद्या वर्षी जरी बंद सापडली, तरी त्या वाटेवर अख्खा बेत टांगू नका.

## टप्पा २: कोणत्या वाटेने चढायचं

तीन पर्याय आहेत. प्रत्येकाचं हवामान वेगळं आणि शरीरावर पडणारा ताणही वेगळा.

श्रीनगरमार्गे. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, सोनमर्ग २,७००च्या वर, कारगिल २,७००च्या जवळ आणि लेह ३,५००. चढ हळूहळू असल्याने शरीराला सवय होते. या वाटेवरची झोजी ला फक्त ३,५२८ मीटरची, पण उंचीवरून तिला कमी लेखू नका. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं, काश्मीरकडून येऊन थेट तिच्यावर आदळतात, त्यामुळे तिच्यावर पडणारा बर्फ जास्त उंचीच्या कितीतरी खिंडींपेक्षा अधिक असतो. पावसात तिथे चिखल आणि दरडी दोन्ही असतात.

मनालीमार्गे. ऑक्टोबर २०२०मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग टळला. त्यामुळे "आता रस्ता बारमाही झाला" असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. बोगद्यापलीकडे बारालाचा ला, लाचुंग ला आणि ५,३०० मीटरच्या वर असलेली तांगलांग ला उघड्यावरच आहेत. दुसरी चूक मुक्कामाची. मनाली २,०५० मीटरवर, तिथून निघून पहिलीच रात्र सारचूला काढायची म्हणजे एका दिवसात ४,२०० मीटरच्या वर झोपायचं. डोकेदुखी आणि उलट्यांच्या कहाण्या इथूनच येतात. पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पाला करा आणि शक्य असल्यास तिथे दोन रात्री काढा.

विमानाने. दिल्लीहून सव्वा तासात तुम्ही थेट ३,५०० मीटरवर उतरता. वाटेतलं हवामान टळतं, पण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. लेहची उड्डाणं बहुतेक सकाळी असतात, कारण दुपारी वारा सुटतो आणि तापलेल्या विरळ हवेत विमानाला उचल कमी मिळते. २०२४च्या जुलैअखेरीस लेहमधला उकाडा इतका वाढला होता की काही उड्डाणं रद्द करावी लागली. म्हणजे विमान अडायला बर्फच पडावा लागतो असं नाही.

> इशारा: लेहहून सकाळी दिल्ली आणि त्याच दुपारी दिल्लीहून मुंबई किंवा पुणे, अशी वेगवेगळ्या तिकिटांची जुळणी करू नका. पहिलं विमान रद्द झालं की दुसऱ्याचे पैसे बुडतात.

## टप्पा ३: मुक्काम उंचीच्या क्रमाने लावा

लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साधारण दोन तृतीयांश असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. तंदुरुस्त माणसाला त्रास होत नाही, हा गैरसमज आहे. रोज व्यायाम करणारी तरुण मुलं पहिल्याच दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतात आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळतात.

विमानाने आल्यास क्रम असा ठेवा:

1. पहिले दोन दिवस लेह. पहिला दिवस अक्षरशः आराम. दुसऱ्या दिवशी गावात हळू फिरणं.
2. तिसऱ्या दिवशी हवं तर शे-ठिकसे किंवा आल्चीची बाजू. रात्री परत लेह.
3. मग नुब्राचं खोरं. तिथलं दिस्कित-हुंडर साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा खाली. वाटेत खारदुंग ला ५,३५९ मीटरची आहे, तिथे दहा-पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नका.
4. त्यानंतर पांगोंग, साधारण ४,२५० मीटर.
5. त्सो मोरिरी तलाव किंवा हानले गाव सगळ्यात शेवटी.

उलट्या क्रमाचे बेत सर्रास विकले जातात, कारण गाड्या आणि तंबू तसे मोकळे असतात. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पांगोंगला रात्रीचा मुक्काम देणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

> इशारा: डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, माणूस असंबद्ध बोलतोय, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येतोय, तर लगेच खाली आणि दवाखान्यात. लक्षात ठेवा, लेहमधून रस्त्याने मैदानात उतरायचं तरी आधी खिंड चढावी लागते. श्रीनगरच्या वाटेवर फोटू ला आहे आणि मनालीच्या वाटेवर तांगलांग ला. म्हणून दुखणं अंगावर काढू नका. प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा.

## टप्पा ४: प्रत्येक मुक्कामाचं तापमान स्वतः काढा

मोबाइलमधलं अ‍ॅप लहान गावांसाठी आणि खिंडींसाठी अंदाजाने आकडे भरतं. कित्येकदा दाखवलेला आकडा लेहचाच असतो. त्यापेक्षा कागद-पेन घ्या. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं, एवढं माहीत असलं की झालं.

समजा, जूनचा मध्य आहे. लेहमध्ये दुपारी २२, सकाळी आठला १२ आणि पहाटे ७ अंश.

- खारदुंग ला: लेहपेक्षा साधारण १,८५० मीटर वर. वजा १२ अंश. सकाळी आठ-नऊला पोहोचलात तर शून्याच्या आसपास.
- पांगोंग: ७५० मीटर वर. वजा ५. पहाटे २ अंश.
- त्सो मोरिरीकाठचं कोरझोक: हजार मीटरहून थोडं वर. वजा साडेसहा-सात. पहाटे शून्याला टेकतं.
- हुंडर: ४०० मीटर खाली. अधिक अडीच. दुपारी वाळूत चक्क उकडतं.

आता यात वारा मिळवा. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला उणे सहाच्या आसपासची थंडी जाणवते. बुलेटवरून जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. हवा स्थिर असली तरी ताशी ४० किलोमीटरने चालणारी गाडी स्वतःच वारा तयार करते. पहिल्यांदा बोटं बधिर होतात, मग ब्रेकचा अंदाज चुकतो.

शेवटी ऊन-सावली. हवा कोरडी आणि विरळ असल्याने उष्णता धरून ठेवायला बाफ नसते. उन्हात शर्टावर बसलेला माणूस भिंतीच्या सावलीत सरकला की स्वेटर मागतो. ढग आला की तेच. सूर्य डोंगराआड गेला की अर्ध्या तासात हवा पालटते.

> तपासा: प्रत्येक मुक्कामापुढे तीन आकडे लिहा: दुपार, पहाट, आणि वाऱ्यासह पहाट. सामान तिसऱ्या आकड्याप्रमाणे बांधायचं.

## टप्पा ५: बॅग

नेहमीची चूक म्हणजे एकच अवजड जॅकेट आणि आत सुती बनियन. दुपारी घाम येतो, बनियन भिजते, संध्याकाळी तीच अंगाला बर्फासारखी चिकटते. तीन थर घ्या. आत घाम सोडणारं थर्मल, मधे लोकर किंवा फ्लीस, बाहेर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जाकीट. ऊन चढेल तसे काढायचे, उतरेल तसे चढवायचे.

हानलेला तारे बघायला जाणार असाल तर या तिन्हींवर पिसांचं जाकीटही लागेल. तिथे माणूस हालचाल न करता अंधारात तास-दोन तास उभा असतो आणि थंडी बुटांच्या तळव्यातून चढते. लोकरीच्या पायमोज्यांच्या दोन जोड्या त्यासाठी वेगळ्या, कोरड्या ठेवा. दिवसभर घातलेले मोजे तिथे चालत नाहीत.

ऊन हा इथला दुसरा शत्रू, आणि थंडीच्या धाकाने लोक त्याला विसरतात. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० ते १२ टक्क्यांनी वाढतात. चांगला गॉगल, जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, कडा असलेली टोपी घ्या. कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू विसरू नका. कोरड्या हवेने ओठ फुटतात आणि बऱ्याच जणांच्या नाकाचा घोळणा फुटतो. लिप बाम आणि नाकपुडीत लावायला पेट्रोलियम जेली खिशात असू द्या. घाम लगेच उडून जातो म्हणून तहान कळत नाही. थोडं थोडं पाणी दिवसभर पीत राहा.

पॉवर बँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात. रात्री त्या पांघरुणात घेऊन झोपा. आणि मोबाइलचं कार्ड पोस्टपेड हवं. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डं लडाखमध्ये चालत नाहीत, मग रस्ता बंद झाल्याचं कळणार कसं?

## टप्पा ६: दिवस घड्याळाने चालवा

महिना चांगला निवडला, तरी दिवसाचे तास चुकले तर फायदा नाही. लडाखमध्ये सकाळ आणि दुपार हे जणू दोन वेगळे ऋतू असतात.

1. पहाटे सहा-सातला निघा. रात्रीच्या थंडीने बर्फ वितळायचा थांबलेला असतो, त्यामुळे ओढ्यांत पाणी कमी असतं. उशिरा निघालात तर दुपारी चढलेल्या पाण्यासमोर गाड्यांच्या रांगेत उभं राहावं लागेल. पांगोंगच्या वाटेवरच्या पागल नाल्याला ते नाव उगीच पडलेलं नाही.
2. पण खिंडीत फार लवकर पोहोचू नका. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठून काचेसारखं होतं. त्यावर ऊन पडू द्या. साधारण नऊ ते अकरा ही वेळ बरी.
3. बाराच्या आत मोठे ओढे पार. उन्हाने बर्फ वितळून पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून ओढ्याचा जोर भर दुपारी नव्हे तर दुपारनंतर आणि संध्याकाळी असतो.
4. चारपर्यंत मुक्कामी. दुपारनंतर दऱ्यांमधून वारा सुटतो, नुब्रात वाळू उडते, पांगोंगवर लाटा उठतात. ढग जमले तर तेही याच वेळी.

ओढा ओलांडताना पुढची गाडी पार होऊ द्या आणि पाणी तिच्या चाकाच्या किती वर येतंय ते बघा. पाणी गढूळ असेल आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर थांबा. तिथला ड्रायव्हर "आज नको" म्हणाला की वाद घालायचा नाही. भाड्याचे पैसे वसूल करायची ती जागा नव्हे.

> इशारा: तंबू कोरड्या नाल्याच्या पात्रात किंवा त्याच्या तोंडाशी लावू नका, जागा कितीही सपाट आणि वाळू कितीही मऊ असो. ती जागा पाण्यानेच सपाट केलेली असते. रात्री डोंगरात वीज चमकताना दिसली तर आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी उंचावर सरका.

## टप्पा ७: रोज रात्री दहा मिनिटं

जेवणाआधी तीन गोष्टी बघा. एक, भारतीय हवामान विभागाच्या लेह केंद्राचा अंदाज आणि त्यातला रंग. पिवळा, नारिंगी, लाल या क्रमाने सावधगिरी वाढवा. दोन, उद्याची खिंड उघडी आहे का. हे वाहतूक पोलिसांकडून किंवा टॅक्सीवाल्यांकडून कळतं, आणि टॅक्सीवाल्यांची बातमी बहुधा ताजी असते. तीन, पश्चिमी झंझावाताचा इशारा. मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याचा अर्थ खिंडींवर ताजा बर्फ.

नारिंगी इशारा असेल तर श्योक नदीकाठाने नुब्राहून पांगोंगला जाणारा रस्ता सोडा. नदी वाढली की तो पाण्याखाली जातो किंवा वरून दगड येतात. लेहला परत येऊन चांग ला मार्गे पांगोंगला जा. एक दिवस जादा जाईल, म्हणून बेतात तो आधीच धरा. हा राखीव दिवस सहलीच्या शेवटी, लेहमध्येच ठेवायचा. आदल्या संध्याकाळी पांगोंगहून परतून दुसऱ्या सकाळी विमान, ही जुळणी चांग लावर बर्फ पडला की कोसळते.

## हिवाळ्यात जाणाऱ्यांसाठी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा निराळाच मामला आहे. जानेवारीत लेहमध्ये दिवसाही पारा अनेकदा शून्यावर येत नाही, रात्री उणे १४-१५ नेहमीचं. नळ गोठतात म्हणून घरं आणि हॉटेलं पाण्याच्या लाइनी बंद ठेवतात. अंघोळ बादलीभर पाण्याने, तीही दिली तर. खोली नक्की करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: खोली कशाने गरम करता, आणि संडासात पाणी आहे का?

बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटलेली ठेवून, खिडकी-दार गच्च बंद करून झोपू नका. कोळशाची शेगडी तर खोलीत घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. स्वतःची डिझेल गाडी नेणार असाल तर मैदानातलं साधं डिझेल टाकीत ठेवून वर चढू नका, ते थंडीत गोठून फिल्टर तुंबतो. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९मध्ये लडाखसाठी आणलं, तेच भरून घ्या.

चादर ट्रेकला जाणाऱ्यांनी आधी लेहमध्ये थांबून शरीराला सवय करून घ्यायची आणि वैद्यकीय तपासणी उरकायची. गोठलेल्या झंस्कार नदीवरचा बर्फ रोज बदलतो. थंडी अचानक कमी झाली किंवा बर्फ पडून वर मऊ थर बसला, तर आतला बर्फ किती जाड आहे हे वरून कळत नाही. पुढे काठी टेकून बघणारा स्थानिक वाटाड्या थांब म्हणाला की थांबायचं, मग त्यात दोन दिवस गेले तरी.

परतीचं विमान आणि कामावर रुजू व्हायची तारीख यांच्यात निदान दोन दिवस मोकळे ठेवा. जानेवारीत लेहच्या दरीत ढग उतरले की दिल्लीहून विमान निघतच नाही, किंवा लेहवर घिरट्या घालून परत फिरतं, आणि अडकलेल्या सगळ्यांची पुढच्या सकाळच्या त्याच मोजक्या जागांसाठी रांग लागते.